दोन्ही चालतात

डुलूथ, मिनेसोटा. थँक्सगिव्हिंगच्या आधीचा आठवडा.
सरोवरावरचा वारा दुकानाचं दार ढकलतो
आणि गिऱ्हाईक आत येतं, चष्म्यावर धुकं घेऊन :
"ह्यातला कुठला घेऊ?"

डावीकडे निळ्या डब्यांची भिंत, उजवीकडे तांबड्या.
इकडचा सिनेमा तिकडे मिळत नाही.
भाऊ वेगळे निघताना भांडीकुंडी वाटून घेतात
तशी स्टुडिओंनी वाटणी करून घेतलीय,
आणि कुणाच्या वाट्याला काय आलं
ते पाठ करायला मला आठवडा लागला.

आर्वो कोस्केला, माझा मालक,
कुणालाच नाही म्हणत नाही.
काउंटरखालून तो तिसरं खोकं काढतो,
काळं, जडशीळ, नऊशे नव्याण्णव डॉलर :
"हा दोन्ही वाचतो."

मी एक उघडून पाहिलाय, स्क्रू काढून.
दोघींना लागणारा उजेड एकच, जांभळट निळा.
फरक फक्त खोलीचा :
एकीची अक्षरं कातडीलगत,
दुसरीची अर्ध्या मिलिमीटरने आत.
एवढ्यासाठी बैठका फिसकटल्या,
वकील नेमले गेले, जाहिराती भांडल्या,
अर्ध्या मिलिमीटरसाठी.

तबकडी आत घेतली की तो थांबतो.
पडदा काळा.
"बिघडला की काय?"
बिघडला नाही. चाचपतोय, तू कोण म्हणून.
मला त्याचं ते थांबणं आवडतं.
गिऱ्हाइकांना नाही.

शाळेत बँड शिकवणारे ओडेगार्ड हिशेब मांडतात
पावतीच्या पाठीवर :
दोन वेगवेगळे घेतले तरी दीडशे वाचतात.
"आणि तळ्यात-मळ्यात करायला
मी काय लहान आहे?"
काहीच न घेता जातात. बॅटऱ्या घेतात, चार.

आर्वोने आठ मागवले होते.
मी म्हटलं, भांडण चालू आहे तोवर याला भाव,
उद्या मिटलं तर मध्यस्थाला कोण चहा विचारतो?
तो म्हणाला, "असली भांडणं मिटत नसतात,
माझ्या काकांना विचार."
काका दोघं. एकाच गल्लीत दोन चर्च.

एक दातांच्या डॉक्टरने नेला.
एक आर्वोने आईसाठी, वृद्धाश्रमात.
जोडायला मी गेलो होतो.
लेम्पी, एकोणनव्वद वर्षांची, हातात एक साधी सीडी :
चर्चच्या तळघरात कुणीतरी ध्वनिमुद्रित केलेली,
तिची बहीण त्यात गाते.
यंत्राने घेतली,
विचार केला,
परत दिली.
पुन्हा घातली. पुन्हा परत.
मग मी पुस्तिका वाचली : सीडी चालत नाही.
दोन नव्या भाषा शिकताना
जुनी कुठे सांडली त्याची, कोण जाणे.
लेम्पी फिनिशमध्ये काहीतरी बोलली,
आर्वो डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.
मला अर्थ सांगितला नाही.

फेब्रुवारीत, एका मंगळवारी,
तांबड्यांनी हत्यार खाली ठेवलं.
रेडिओवर मिनिटभराची बातमी, मग हवामान.
दुपारपर्यंत मी उजवी भिंत उतरवून
टोपलीत ओतली होती : कुठलीही घ्या, दोन डॉलर.

उरलेल्या सहांचं काय करायचं
हे कुणीच सांगायला आलं नाही.
हरलेल्यांची निदान बातमी तरी झाली.
आर्वोने त्यांच्यावर पेपर पसरला
आणि त्यावर जेवणाचा डबा ठेवू लागला.

त्यातला एक मी घेतला, पगारातून कापून.
रात्री टोपलीतली एखादी तांबडी तबकडी घालतो.
बाहेर कालवा गोठलेला, पूल खालीच,
मार्चपर्यंत एकही जहाज नाही.
आणि हा, दर वेळी, अजूनही,
काळ्या पडद्यामागे थांबून
तितक्याच अदबीने चाचपतो :
ही की ती?

पंधरा सेकंद.
मी मोजतो.